चिंचगल्लीचा हिरवा ठिपका

आमचे हे, म्हणजे अनंतराव, आयुष्यात कोणावर ओरडले असतील तर ते रेडिओवर, आणि तेही ऐन बातम्यांच्या वेळी खरखर सुरू झाली म्हणून. माणसावर ओरडलेले मी त्यांना पाहिले नाही. सरकारी नोकरीत साहेब झाले, तरी शिपायाकडं पाणी मागताना "जमलं तर बघा हं" म्हणायचे. मला या सभ्यपणाचा फार राग येई. आता त्या रागाला काही अर्थ राहिलेला नाही, पण गोष्ट त्याच सभ्यपणाची आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

गुलमंडीच्या मागं आमची चिंचगल्ली होती. होती म्हणते, कारण रस्ता रुंद करताना तिच्या एका अंगाची घरं गेली आणि दुसऱ्या अंगाला दुकानं आली. आम्ही उठून शहराच्या दक्षिण टोकाला, सातारा परिसरात फ्लॅटमध्ये आलो. भिंतीला भिंत लावून राहणारी माझी मैत्रीण जहांआरा उत्तरेला हर्सूलच्याही पुढं गेली. तिथं तिच्या नवऱ्यानं माळावर प्लॉट घेऊन दुमजली घर बांधलं होतं. पूर्वी तिच्याकडं जायला मला पायांत चप्पल लागत नसे. आता मध्ये अख्खं शहर आलं, आणि ते दर वर्षी आणखी रुंद होत चाललं होतं.

गल्लीच्या दोन रीती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक रीत कडीची. दूधवाला येऊन गेला तरी एखाद्याचं दार उघडलं नाही, तर शेजाऱ्यानं जाऊन कडी वाजवायची. आतल्यानं चिडायचं नाही, बाहेरच्यानं लाजायचं नाही. दुसरी रीत आवाजाची. मगरीबची, दिवस मावळतानाची अजान झाली की अनंतराव आपला रेडिओ हळू करत. आमच्याकडं आरतीची घंटा वाजली की जहांआरा शिलाई मशीन थांबवी. हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या आधीपासून चालत आलेलं होतं.

लॉकडाउनमध्ये सगळे घरात कोंडले गेले, तेव्हा आमची पुतणी स्वराली मदतीला धावली. ती पुण्यात एका इव्हेंट कंपनीत होती. मोठमोठ्या परिषदा इंटरनेटवर भरवायचं तिचं काम. त्यासाठी कंपनीचं एक ॲप होतं. त्यात सभागृह, व्यासपीठ, बाजूला बसायला टेबलं, सगळं पडद्यावर. स्वरालीनं त्या टेबलांची नावं काढून टाकली आणि गल्लीतल्या खऱ्या ओट्यांची लिहिली, 'मजीदभाईंचा ओटा', 'कुलकर्ण्यांचा ओटा', 'चिंचेखाली'. ज्या ओट्यावर बोट ठेवाल तिथं तुम्ही जाऊन बसणार, आणि तिथल्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार. मधल्या चौकातून बोललं की सगळ्यांनाच ऐकू जाई. जो हजर असेल त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका.

मी म्हटलं, "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! असं पडद्यावर कुठं गल्ली वसते का?"

"काकू, वसते," ती म्हणाली. "लोक पहिल्यांदा येतात ते कुतूहल म्हणून. दुसऱ्यांदा येतात ते कोणीतरी त्यांचं नाव घेऊन विचारलं म्हणून. तुम्ही फक्त नावं घ्या."

आणि पोरीचं खरं ठरलं. दर शनिवारी प्रत्येकाला वेगळा निरोप जाई. कापडवाल्या मजीदभाईंना, "तुमच्या दुकानासमोर कुल्फीवाला उभा राहायचा, त्याचं नाव काय हो?" मला, "काकू, गल्लीत सगळ्यात आंबट लोणचं कोणाचं?" आता असं विचारल्यावर रविवारी कोण घरी बसेल? मी तर भांडायच्या तयारीनंच जाई. सहा वाजता बैठक सुरू होई आणि आठला संपे. शेवटी ॲप आपणहून जाहीर करी, 'आजचे पक्के शेजारी', म्हणजे जो एका जागेवरून न हलता सगळ्यात जास्त वेळ थांबला तो. त्याच्या फोटोला पडद्यावर हार पडे आणि टाळ्यांचा आवाज येई. मजीदभाई त्या हारासाठी जेवणाचं ताट घेऊन बसत. लॉकडाउन उठलं, इतरांच्या असल्या बैठका आठवड्याभरात मोडल्या. आमची मोडली नाही. नागपूर, हैदराबाद, पार कॅनडापर्यंत गेलेली गल्लीची पोरं येऊन ओट्यावर बसू लागली.

जहांआराच्या नवऱ्याचं निधन झालं तेव्हा तिचा मुलगा ओवैस मस्कतहून आला. हा ओवैस माझ्या ओट्यावर बसून मराठीचा अभ्यास करून मोठा झालेला. तो आईला घेऊनच जायचं म्हणत होता.

"मेरेकू नक्को तुझा मस्कत," जहांआरा म्हणाली. "तिथं सगळे दारं लावून बसतात म्हणे. मी भांडू कोणाशी?"

"अम्मी, इथं तरी तुझं कोण आहे आता? गल्ली कुठं राहिली?"

"गल्ली हाय ना. जागा बदलली फक्त."

तो हसला. त्याला ते खरं वाटलं नाही, हे तिला लागलं. मग अनंतराव मध्ये पडले. म्हणाले, "ओवैस, तू बिनघोर जा. भाभी रोज गल्लीत दिसतील. ज्या दिवशी दिसणार नाहीत त्या दिवशी आम्ही कडी वाजवू." ओवैसनं अनंतचाचांचा शब्द मानला. अट एकच ठेवली, अम्मीचा टॅब्लेट कायम चालू राहायला पाहिजे. बैठक रविवारी संपली तरी ओटे आठवडाभर उघडे असत, तेव्हा तिच्या नावापुढचा ठिपका रात्रंदिवस हिरवा राही. मस्कतला ओवैस तोच बघून कामावर जाई. आणि जहांआराला पक्कं माहीत होतं की हा ठिपका विझला, ही बैठक मोडली, तर आपली रवानगी परमुलखात. म्हणून बैठकीला सगळ्यांत आधी ती हजर. कोणी गैरहजर राहिलं तर सोमवारी तिचा फोन ठरलेला, "काय झालं, पायाला मेंदी लावली होती का?"

तिच्यामुळं आवाजाची रीतही पडद्यावर आली. मगरीबच्या आधी ती वजूला, हातपाय धुवायला उठे, कॅमेरा बंद करी, आपला माइक बंद करी. मग अनंतराव सगळ्यांना सांगत, "हळू बोला रे, भाभी नमाजात आहेत." आणि पन्नास माणसं कुजबुजू लागत. मला हसू येई. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, ती हर्सूलला, तुम्ही साताऱ्याला. तिला त्रास नको असेल तर ती तिकडचा आवाज कमी करेल की! तुम्ही का घसा आवळून बसलात?"

"बरं दिसत नाही शैला," हे म्हणाले.

कॅनडातली पोरंही कुजबुजत, तिथं भर सकाळ असताना.

दोन हजार चोवीसचा उन्हाळा आठवला तरी घसा कोरडा पडतो. आधीच्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येई, आणि जहांआराच्या वस्तीत तर पाइपच पोचला नव्हता. हर्सूलचा तलाव आटला, माळावर इमारती मात्र उगवत होत्या. तिच्या खालच्या मजल्यावरचे भाडेकरू टँकरची वाट बघून कंटाळले आणि घर सोडून गेले. दुसरे आले नाहीत. वर ही एकटी, खाली कुलूप. टँकर यायची वेळ ठरलेली नसे. फाटकाशी पिंपं मांडून ठेवायची, हॉर्न ऐकला की पळत खाली जायचं, पिंप भरून घ्यायचं आणि मग बादलीनं वर न्यायचं. सत्तरीला आलेली बाई. मी म्हणायची, "अगं, कोणाला तरी सांग."

"कोणाला सांगू? जो तो आपल्या पिंपाशी उभा. माझं बरं चाललंय. ओवैसला बोलू नको हां, लगेच तिकीट काढतो तो."

मी बोलले नाही. तिनं सांगितलं होतं, आणि मलाही ती जायला नको होती.

मे महिन्यातल्या त्या रविवारी बैठक चांगली रंगली होती. लोणच्याचा वाद पुन्हा निघाला होता. जहांआरा माझ्या बाजूनं भांडत होती, म्हणजे नेमकी माझं लोणचं कसं खारट झालं होतं तेच सगळ्यांना सांगत होती. मग तिच्या बाजूला काहीतरी वाजल्यासारखं झालं. ती म्हणाली, "आले हां मी," आणि तिचा कॅमेरा बंद झाला, माइक बंद झाला. बाहेर उन्हं उतरली होती. आम्हाला वाटलं वजूला उठली. तो टँकरचा हॉर्न होता.

थोड्या वेळानं अजान झाली. कोणाच्या तरी फोनमधून ती सगळ्यांना ऐकू आली. अनंतरावांनी हात वर केला, "हळू बोला रे, भाभी नमाजात आहेत." सगळे कुजबुजू लागले. लोणच्याचा वाद कुजबुजत चालला.

नेहमी ती पंधरा-वीस मिनिटांत परत येई आणि आल्या आल्या विचारी, "माझी काय चुगली केली?" त्या दिवशी आली नाही. मी ह्यांना म्हटलं, "आवाज द्या की तिला."

"तस्बीहचे मणी ओढत बसल्या असतील. मध्येच कसं हाकारायचं? बरं दिसत नाही."

मजीदभाईंनाही तेच वाटलं. "भाभी कधी कधी लांब दुवा मागते," ते हळूच म्हणाले. "राहू द्या." तिच्या नावापुढं ठिपका हिरवागार होता. हजर असलेल्या माणसाची कोण काळजी करतं? आठ वाजेपर्यंत कोणीही मोठ्यानं बोललं नाही. मग ॲपनं जाहीर केलं, 'आजचे पक्के शेजारी: जहांआरा'. तिच्या फोटोला हार पडला, टाळ्या वाजल्या. मजीदभाईंनी खाली लिहिलं, "भाभी, मिठाई कधी?" आणि आम्ही जेवायला उठलो.

सकाळी दूधवाला कचरू तिच्या फाटकाशी आला. पिंप भरलेलं आणि वर झाकण नाही. त्यानं दोनदा हाक मारली, मग दार ढकललं. ती जिन्यात पडलेली होती, बादली पार खाली. ओल्या पायरीवरून पाय सरकला होता. खुबा मोडला होता, डोक्याला लागलं होतं. जिवंत होती. वर खोलीत टॅब्लेट चालूच होता. कचरूनं तो उचलून ओरडून सांगितलं, "कुणी हाय का? म्हातारी पडलीया इथं!" पण तिच्याकडचा माइक बंद होता. शेवटी त्यानं शेजारच्या घरी जाऊन आमचा नंबर मिळवला.

आम्ही पोचलो तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. अतिदक्षता विभागात आम्हाला सोडेनात. काचेतून दिसली. एवढ्या बडबड्या बाईच्या तोंडावर ती नळी बघून मला इतका संताप आला की मी तिथल्या नर्सशी उगाच भांडले. अनंतराव एका बाकावर बसून राहिले. दुपारी ओवैसचा फोन आला. तो विमानतळावर होता. "चाचा, मी रात्री ठिपका बघूनच झोपलो होतो," एवढंच तो म्हणाला.

ओवैस आला, त्याला आत सोडलं. नळी काढल्यावर माय-लेकरं थोडं बोललीही. आम्हाला वाटलं सुटली. मग एकाएकी छाती भरली आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, रात्रभर पडून राहिल्या नसत्या तर वेगळं झालं असतं. हे सांगायची काय गरज होती, मला कळलं नाही. ते आम्हाला सांगितल्याशिवाय ठाऊक नव्हतं असं त्यांना वाटलं असेल.

अनंतरावांनी जेवण जवळजवळ सोडलं. रेडिओ लावला नाही. रात्री-बेरात्री नाही, अगदी भर दुपारी, दाढी करता करता थांबत आणि आरशातच म्हणत, "मी तिला हाक मारायला पाहिजे होती." मी म्हणे, "पन्नास माणसं होती तिथं." ते म्हणत, "शब्द मी दिला होता." मलाही त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडं बघून तो मला करवतही नव्हता. खूप वर्षांचा संसार असला की राग ठेवायलाही जागा मिळत नाही.

पुढच्या रविवारी बैठक घ्यायची की नाही, स्वराली विचारत होती. मी म्हटलं, बंद कर तुझं दुकान. तेवढ्यात ओवैसचा निरोप आला की मला गल्लीशी बोलायचंय. आम्हाला वाटलं, आता तो आम्हाला बोलणार. बोलू दे, म्हटलं. त्याचा हक्कच होता.

सहाला सगळे आले. कोणी ओट्यावर बसलं नाही, सगळे मधल्या चौकात. आणि जहांआराच्या नावाची चौकट उजळली. तिच्याच टॅब्लेटवरून, तिच्याच खोलीतून ओवैस बोलत होता. मागं तिचं शिलाई मशीन दिसत होतं.

"अम्मी तुम्हाला सलाम सांगून गेली," तो म्हणाला. "मी तिला विचारलं, हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, मारली ना, लई मारली. शैला, शैला म्हणून ओरडले. पण माइक मीच बंद केला होता. गप्पांत टँकरचा आवाज नको म्हणून."

माझ्या नावानं ती ओरडत होती. मी तेव्हा लोणच्यावर कुजबुजत होते.

ओवैसनं पुढं सांगितलं. "जिन्यात तुमचं सगळं ऐकू येत होतं तिला. आवाज मोठा ठेवायची ती, कानाला कमी ऐकू यायचं म्हणून. मग अजान झाली, आणि अनंतचाचा म्हणाले हळू बोला. त्याच्यानंतर तिला काही नीट ऐकू येईना." मग तो ह्यांना म्हणाला, "पण चाचा, ती तक्रार नव्हती करत. ती मला सांगत होती, बघ ओवैस, तू म्हणला होतास ना गल्ली कुठं राहिली? मी जिन्यात पडले होते, आणि माझ्या नमाजासाठी पन्नास माणसं आवाज हळू करून बसली होती. तुझ्या मस्कतला कोण करतं असं? खुश होती ती. मला हरवलं म्हणून खुश होती."

तिनं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं रडले असते. तिनं आमचं कौतुक केलं होतं. मजीदभाईंनी कॅमेरा बंद केला. कॅनडातली एक मुलगी तोंडावर ओढणी धरून बसली होती. अनंतराव माझ्या शेजारी ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

बोलणं निघे आणि मरून जाई. बाहेर उन्हं उतरली. हर्सूलच्या बाजूनं अजान सुरू झाली, ओवैसच्या माइकमधून स्वच्छ आली. "चाचा, नमाज पढून येतो मी," तो म्हणाला, आणि उठला. त्याचा कॅमेरा बंद झाला. चौकटीत नुसतं नाव राहिलं, जहांआरा, आणि हिरवा ठिपका.

सवयीनं सगळे गप्प झाले. कोणी कुजबुजलंसुद्धा नाही.

"ओवैस!" अनंतराव ओरडले.

मी दचकले. ते खुर्चीवरून उठले होते. तोंड पार पडद्याजवळ नेलं होतं.

"ओवैस! अरे ओवैस! आहेस ना रे तिथं? ओवैस!"

अजान चालू होती, आणि हे तिच्याहून मोठ्यानं ओरडत होते. मान लाल झाली होती, आवाज फाटला होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण थांबवलं नाही. तिकडं तो आईच्या खोलीत नमाजाला उभा असणार, आणि त्याला हे सगळं ऐकू जात असणार. तो परत येऊन "हौ चाचा, इथंच हाय मी" म्हणेपर्यंत ते हाका मारत राहिले. पन्नास माणसं ऐकत होती. हळू बोला, असं त्यांना कोणीही म्हटलं नाही.